अ‍ॅडिपोनेक्टिनची तपासणी पॅकेजमध्ये हवी की नको?

चरईकर:
मागच्या रविवारी सोसायटीत रक्ततपासणीचा कॅम्प झाला. माझी उंची साडेपाच फूट, वजन ६१ किलो, पँट ३४ची. काट्यावर उभा राहिलो तेव्हा "एकदम छान" म्हणाले. रिपोर्ट आला तर उपाशीपोटी साखर ११४, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज) ६.१. मधुमेहाच्या उंबरठ्यावर. दोन रात्री झोप नाही.

वाचता वाचता अ‍ॅडिपोनेक्टिन सापडलं. १९९५मध्ये शोध लागला. चरबीच्या पेशीच हे हार्मोन रक्तात सोडतात. ते यकृताला साखर बनवण्यापासून आवरतं, स्नायूंना चरबी जाळायला लावतं, त्यामुळे इन्सुलिनला जोर लावावा लागत नाही. आणि पोटात चरबी साठली की नेमकं हेच घटतं! वजन आणि कंबर दोन्ही फसवत असतील, तर ही तपासणी प्रत्येक पॅकेजमध्ये हवी, असं माझं ठाम मत आहे.

कोपरखैरणे_लॅबवाला:
नको. तीस वर्षं लॅबमध्ये काढली म्हणून स्पष्ट लिहितो. बायकांमध्ये हे मुळातच पुरुषांपेक्षा जास्त असतं, आणि कुठल्या आकड्याखाली उपचार सुरू करायचे हे ठरलेलं नाही. कमी आलं तर डॉक्टर काय सांगणार? चाला, पोट उतरवा. ते आत्ताही तेच सांगतील. लोकांच्या खिशातून हजारो रुपये काढायचे कशाला?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. काहींच्या इन्सुलिन रिसेप्टरमध्येच, म्हणजे पेशीवर इन्सुलिन जिथे चिकटतं त्या जागेतच, जन्मजात बिघाड असतो. त्यांना इन्सुलिन जवळजवळ लागूच पडत नाही, तरी त्यांच्या रक्तात अ‍ॅडिपोनेक्टिन भरपूर असतं. मग तुमच्याआमच्यात ते कमी का? एक उत्तर असं, की रक्तात वाढलेलं इन्सुलिनच ते दाबतं. म्हणजे तुम्ही ज्याला कारण म्हणताय तो परिणाम असू शकतो.

कासारवडवली:
काका, तपासणी नको हे मान्य. पण "फक्त परिणाम" म्हणून या हार्मोनला बाजूला सारू नका. मी फिजिऑलॉजी शिकवते, मुलांना नेहमी एक प्रयोग सांगते. लेप्टिन, म्हणजे भूक आवरणारं हार्मोन, नसलेले उंदीर सतत खातात, लठ्ठ होतात, साखर चढते. अशा उंदरांमध्ये अ‍ॅडिपोनेक्टिन वाढवलं (२००७), तर ते आणखी जाड झाले, पण साखर मात्र सुधारली. चरबी कातडीखाली गेली, यकृत मोकळं झालं. पायोग्लिटाझोन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांचंही बघा: वजन वाढतं, अ‍ॅडिपोनेक्टिन वाढतं आणि साखर उतरते. चरबी किती यापेक्षा ती कुठे साठते, हा खरा प्रश्न आहे.

कोपरखैरणे_लॅबवाला:
ताई, त्याच गोळीने पाय सुजतात, काहींच्या हृदयावर ताण येतो, हेही मुलांना सांगत असालच. उंदराचं मान्य. माणसांत मात्र, जन्मतःच हे हार्मोन कमी ठेवणारी जनुकं असलेल्यांमध्ये मधुमेह त्या प्रमाणात वाढलेला स्पष्ट दिसत नाही.

घणसोलीकर:
इतकं लांब कशाला जाता? आपल्या पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला २००४चा फोटो बघा. शेजारी इंग्लंडचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपण असेच. हातपाय काडीसारखे आणि चरबी आत.

चरईकर, एक विचारतो. कंबर मोजली कुठे? पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे, पँट पोटाच्या खाली बसते. शर्ट वर करा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजपट्टी आडवी धरा, श्वास सोडा आणि मग वाचा. पोट आत ओढायचं नाही. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८० ही हद्द.

चरईकर:
आत्ता बायकोने मोजलं. तीनदा. ९४.

घणसोलीकर, खरंच आभार. मी पँटचा नंबर धरून ८६ समजत होतो आणि मोजपट्टीला खोटं ठरवत होतो. तपासणीचा आग्रह सोडला. पण लॅबवाले काका, कॅम्पमध्ये फक्त काटा ठेवून माणसाला "छान" म्हणून घरी पाठवणं मला अजूनही पटत नाही. पुढच्या कॅम्पच्या वेळी टेबलावर मोजपट्टी हवी, हे मी सेक्रेटरींना आजच लिहून देतोय. उद्या सकाळी साडेपाचला उपवनला चालायला जातोय. कोणी येणार असेल तर कळवा.