बोट लागलं की थांबणारी मशीन कुठं मिळंल? अर्जंट

उदगीरकर_फर्निचर: मागच्या सोमवारी पोराचं बोट गेलं लाकूड कापायच्या मशीनमधी. तर्जनीचं वरचं पेर. संभाजीनगरपर्यंत गाडी पळवली, पण तुकडा नुसत्या बर्फात टाकून नेला, जुळला नाही. ऐंशी हजार गेले, दोन किचनच्या ऑर्डरी अडकल्यात. व्हिडिओत बघितलं, ब्लेडला सॉसेज लागलं की मशीन जागीच गप. तिचा भाव काय? सल्ला नको, भाव सांगा.

रंधा_मास्तर: मशीन कुठली? किती इंची ब्लेड? गार्ड होता का? पोरगा घरचा की कामावरचा?

वाळूज_फिटर: ती सॉस्टॉप. अमेरिकेत स्टीफन गॅस नावाच्या माणसाने १९९९ मध्ये शोधली. ब्लेडमध्ये बारीक विद्युत सिग्नल सोडलेला असतो, कातडी लागली की तो बदलतो आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा ब्लेडमध्ये घुसतो. ५ मिलिसेकंदांत बंद. लहानात लहान मशीनच हजार डॉलरच्या आसपास, वर एकदा थांबली की ब्लेड आणि ब्रेकचा डबा दोन्ही भंगारात. ओल्या लाकडालाही ब्रेक लागू शकतो. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०.

मांजराकाठ: एवढं कशाला? हातमोजे घाला, दीडशे रुपयात काम.

रंधा_मास्तर: फिरत्या ब्लेडवर हातमोजे? दोरा अडकला की अख्खा हात आत ओढतो. असलं सांगत जाऊ नका राव.

मांजराकाठ: बावीस वर्षं घालतोय, दहाच्या दहा बोटं शाबूत.

रंधा_मास्तर: तुमचं नशीब. ब्लेडमागं फाळ (पातळ उभा पत्रा) लावा, म्हणजे चिरलेली फट मिटत नाही आणि लाकूड अंगावर उसळत नाही. बारीक पट्टी काठीनं ढकला. उदगीरकर, मशीन कुठली ते अजून सांगितलं नाही.

उदगीरकर_फर्निचर: मशीन म्हणजे आपला ७ इंची कटर. प्लायच्या टेबलाखाली उलटा बसवलाय, सगळेच बसवतात. गार्ड काढल्याशिवाय बसतच नाही. बटण तारेनं बांधलंय.

वाळूज_फिटर: मग सॉस्टॉपचा विषयच संपला. तो ब्रेक दुसऱ्या मशीनला लागत नाही. आधी ती तार सोडा. हात सुटला की बंद व्हावा म्हणून तर ते बटण असतं.

जालना_बीम: पॅनल सॉ (प्लायचे मोठे शीट कापायची मशीन) घ्या, प्लायला फिनिश एक नंबर. आमच्याकडं थ्री फेजवर चालते.

रंधा_मास्तर: त्यांनी फिनिश विचारलंय का?

लातूर_वकिली: पोरगा कामगार असेल तर खर्च ऐंशी हजारावर थांबत नाही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तक्त्यात (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली) तर्जनीचं एक पेर म्हणजे ९ टक्के कमाईक्षमता गेली असं धरायचे. समजा वय २५, पगार १२ हजार: पगाराचे ६० टक्के गुणिले २१६.९१ (त्या वयासाठी तक्त्यात ठरलेला आकडा), त्याचे ९ टक्के. १ लाख ४० हजारांच्या वर जातं, दवाखान्याचा खर्च वेगळा. दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय (सरकारी कामगार विमा) बघा.

मांजराकाठ: वकील आले की सुताराचं दिवाळं.

लातूर_वकिली: बोट सुताराचंच गेलंय ना?

रंधा_मास्तर: आणि पुढच्या वेळी तुकडा ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घाला, मग पिशवी बर्फावर. थेट बर्फ लागला की मांस मरतं. पुढची वेळ न येवो.

उदगीरकर_फर्निचर: पोरगा कामावरचा हाय. मेव्हण्याच्या गावचा. तार काल सोडली. वय २३, पगार ११ हजार. त्याचा हिशोब कसा काढायचा?

जालना_बीम: कटर काढणार असाल तर मोटर चांगली आहे का? मी घेतो.