मदत हवी आहे: जुन्या मॅकबुकमध्ये दुसऱ्या कंपनीचा एसएसडी, 'ट्रिम सपोर्ट: नो' दाखवतंय. चालू करू की नको?

अल्बमवाली:

नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचून जाते, आज अडले म्हणून लिहितेय.

मी नागपूरची, घरूनच लग्नाचे अल्बम डिझाइन करते. मशीन १३ इंची मॅकबुक प्रो, २०१२ च्या मधलं, डीव्हीडी ड्राइव्हवालं. दिराचं होतं, त्यांनी नवीन घेतल्यावर माझ्याकडे आलं. रॅम ८ जीबी, मॅकओएस कॅटालिना टाकलेलं (या मॉडेलवर त्याच्या पुढचं अधिकृतपणे चढत नाही). दिवाळीत सीताबर्डीतल्या एका दुकानात जुनी हार्ड डिस्क काढून ५०० जीबीचा साटा एसएसडी (साटा म्हणजे डिस्क जोडायचा एक प्रकार) बसवून घेतला. कोणत्या कंपनीचा ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा त्यावरच भरकटेल. मॅकच्या कंपनीचा नाही, एवढं पुरे.

पहिले तीन-चार महिने मजा होती. फोटोशॉप उघडायला लावून आधी मी कुकर लावून यायचे, ते चुटकीसरशी उघडायला लागलं. मार्चपासून मात्र फाइल सेव्ह करायला गेलं की मॅकची ती 'थांबा' म्हणणारी रंगीत भिंगरी. आधी ५-१० सेकंद, आता दोन-दोन मिनिटं. परवा ४० पानांचा अल्बम सेव्ह करताना मशीन जे अडकलं ते सुटेचना. शेवटी बटण दाबून बंद केलं. परत चालू केलं तर पांढऱ्या पडद्यावर फोल्डर आणि त्यावर लुकलुकणारं प्रश्नचिन्ह. माझ्या पोटात गोळाच आला. अर्ध्या तासानं पुन्हा चालू केलं, तर जसं काही झालंच नाही!

दुकानवाला म्हणते, "मॅडम, मॅकले कंपनीचाच एसएसडी लागते. अन् गरमी पाहा ना किती आहे." हे बसवून देताना नव्हतं आठवलं त्याला.

मग मीच शोधाशोध केली. सिस्टिम रिपोर्टमध्ये साटा या भागात 'ट्रिम सपोर्ट: नो' असं आहे (ट्रिम म्हणजे डिलीट केलेल्या फाइलींची जागा एसएसडीला कळवणं म्हणे). ते टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, चालू करता येतं म्हणे. आज्ञा दिली तर इतका लांबलचक इशारा आला की मी घाबरून 'एन' दाबलं. डेटा जाऊ शकतो, महत्त्वाचा डेटा असेल तर वापरू नका, जबाबदारी आमची नाही वगैरे. माझा तर सगळा डेटा महत्त्वाचाच आहे, लोकांची लग्नं आहेत त्यात. चालू करू का? की दुकानवाला म्हणतो ते खरं?

तर्रीबाज:

ताई, पहिले बॅकअप घ्या. बाकी गप्पा मंग.

कोथरूडकर:

१२ वर्षांहून जुनं मशीन आहे. त्यावर व्यवसाय करणं म्हणजे स्वतःची फसवणूक. नवीन घ्या.

तर्रीबाज:

पैसे पाठवून द्या मंग भाऊ, उद्याच घेतो.

जुना_लिनक्सवाला:

दुकानदाराचं म्हणणं अर्धवट खरं आहे, म्हणून जास्त घोळ होतो. मॅक बाहेरचा एसएसडी ओळखतो, त्यावरून चालू होतो, सगळं करतो. फक्त ट्रिम आपणहून देत नाही. साटा ड्राइव्ह असेल तर ते फक्त स्वतःच्या ड्राइव्हना.

ट्रिम म्हणजे काय ते पंगतीवरून सांगतो. एसएसडीत एकेक पान (डेटाचा छोटा कप्पा) सुटं पुसता येत नाही, अख्खा ब्लॉक (अशा पानांचा गठ्ठा) एकदम पुसावा लागतो. म्हणजे पंगतीतली सगळी पानं उठल्याशिवाय ती जागा झाडता येत नाही. तुम्ही फाइल डिलीट करता तेव्हा कॉम्प्युटर आपल्या वहीत 'हा पाहुणा जेवून गेला' असं लिहितो, पण वाढप्याला, म्हणजे एसएसडीला, सांगत नाही. वाढप्या त्या रिकाम्या पाटासमोरचं उष्टं पानही जपत बसतो. नव्या पंगतीला जागा हवी म्हणून जेवणाऱ्यांना पानासकट उचलून दुसऱ्या रांगेत बसवतो, आणि सोबत गेलेल्यांची पानंही उचलून नेतो. या नसत्या हमालीमुळे लिहिणं मंदावतं आणि ड्राइव्हही झिजतो. 'हा उठला, पान उचला' असं वाढप्याला सांगणं म्हणजे ट्रिम.

विंडोज ७ मध्ये हे २००९ पासून आहे, लिनक्समध्ये २०१० पासून. मॅकवाल्यांनी २०११ च्या सुमारास दिलं, पण फक्त स्वतःच्या ड्राइव्हना. लोक मग ड्रायव्हरची फाइल बदलून जुगाड करायचे. २०१४ ला योसेमिटी या मॅकच्या नव्या आवृत्तीनं कंपनीची डिजिटल सही नसलेले ड्रायव्हर नाकारायला सुरुवात केली आणि जुगाड केलेली मशीनं चालूच होईनात. ओरड झाली. २०१५ च्या जूनअखेरीस योसेमिटीच्या १०.१०.४ अपडेटमध्ये त्यांनी स्वतःच ट्रिमफोर्स ही ट्रिम चालू करायची आज्ञा दिली. तुम्ही बघितलात तो इशारा त्याचाच. भीतीला तेव्हा आधारही होता: काही ड्राइव्ह रांगेतला ट्रिम (इतर कामांच्या रांगेतच पाठवलेला) नीट हाताळत नव्हते, लिनक्सनं अशांची काळी यादीच ठेवली आहे. पण बॅकअप असेल तर चालू करा. मी दोन जुन्या मॅकवर कित्येक वर्षं वापरतोय.

झिरो_माईल:

थांबा जरा. ट्रिम नसेल तर मशीन मंद होईल, मान्य. पण ट्रिम नाही म्हणून प्रश्नचिन्हाचा फोल्डर येत नाही. प्रश्नचिन्ह म्हणजे चालू होताना डिस्क सापडलीच नाही. आणि अर्ध्या तासानं सापडली. हे दुखणं वेगळं आहे.

ताई, दोन गोष्टी बघून सांगा. एक, त्याच साटा भागात वरती 'लिंक स्पीड' आणि 'निगोशिएटेड लिंक स्पीड' अशा दोन ओळी असतात, तिथे आकडे काय आहेत? दोन, स्मार्ट माहिती (ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची ठेवतो ती नोंद) दाखवणारं एखादं ॲप टाका आणि १९९ क्रमांकाच्या ओळीत, म्हणजे यूडीएमए सीआरसी एरर काउंटमध्ये, किती आहे ते बघा. काही ड्राइव्हमध्ये नाव थोडं वेगळं असतं.

अल्बमवाली:

बॅकअप झाला (दोनदा भिंगरी आली, पण झाला). लिंक स्पीड ६ गिगाबिट, निगोशिएटेड १.५ गिगाबिट. १९९ वर २,८१४. हे वाईट आहे का? तापमान ४७ दाखवतंय, कूलरसमोर बसूनसुद्धा.

झिरो_माईल:

४७ काहीच नाही, बहुतेक साटा एसएसडी ७० अंशांपर्यंत चालतात. आपल्या मे महिन्याला उगाच बोल लावला दुकानवाल्यानं. कूलरची ओली हवा मात्र थेट मशीनवर घेऊ नका.

बाकी दोन आकड्यांनी पुरतं सांगितलं. मशीन आणि ड्राइव्ह दोघंही ६ ला चालू शकतात, पण बोलणं नीट ऐकू येईना म्हणून १.५ वर उतरलेत. सीआरसी म्हणजे वाटेत डेटा बिघडला, परत पाठवावा लागला. म्हणजे ड्राइव्हपेक्षा वाटेवर संशय घ्या. तुमच्या मॉडेलमध्ये ही वाट म्हणजे एक पातळ चपटी केबल, ॲल्युमिनियमच्या कडेवरून वळून जाते. इतक्या वर्षांत घासून जाते, आणि कोणी ड्राइव्ह बदलताना ओढली असेल तर अजूनच.

खात्री करायला खर्च नाही. साटा-टू-यूएसबी केबल कोणाकडून तरी मागा. एसएसडी बाहेर काढा, यूएसबीला लावा, ऑप्शन बटण धरून चालू करा आणि त्यावरूनच दिवसभर काम करा. तुमच्या मॉडेलला यूएसबी ३ आहे, वेग पुरेल. भिंगरी आली नाही तर केबलच. खालचे स्क्रू १०, त्यातले ३ लांब. कुठला कुठून काढला ते कागदावर चित्र काढून त्यावरच ठेवा.

संत्र्याची_बाग:

मधेच विचारते, माफ करा. माझ्याकडे विंडोज आहे आणि एसएसडी बाहेरून टाकलेला. तिथे कसं बघायचं? एकानं सांगितलेली 'डिसेबल डिलीट नोटिफाय' वाली आज्ञा दिली तर शून्य आलं. म्हणजे बंद?

जुना_लिनक्सवाला:

चालू. त्या ओळीचं नावच उलटं आहे: 'कळवणं बंद ठेवा' याला उत्तर शून्य, म्हणजे कळवणं चालू. विंडोज ड्राइव्ह कोणाचा ते बघत नाही. तुम्ही निवांत राहा.

अल्बमवाली:

अपडेट. भाच्याकडून केबल आणली. तीन स्क्रूंचं डोकं दुकानातच खराब करून ठेवलं होतं, एक तर रबरबँड मध्ये धरून फिरवला तेव्हा कुठे निघाला. एसएसडी टेबलावर उघडा ठेवून काल सकाळी ९ पासून रात्री ८ पर्यंत काम केलं. तोच ४० पानांचा अल्बम सात-आठ वेळा सेव्ह केला. भिंगरी एकदाही नाही! मधे लाइन गेली तेवढीच काय ती अडचण.

आत बघितलं तर केबल वळते तिथे काळा थर निघून तांब्यासारखं काहीतरी चमकतंय. नवी केबल त्याच दुकानात मागितली तर म्हणे १,६०० आणि "पण मॅडम, प्रॉब्लेम एसएसडीचाच आहे." ऑनलाइन बघतेय. यूएसबीवरच कायम चालवलं तर?

झिरो_माईल:

चालेल, पण यूएसबीवरून मॅक ट्रिम पाठवत नाही. आणि अल्बमच्या कामात तुमच्याइतक्या फाइली कोण टाकतं-काढतं? केबलच घ्या. घेताना मिड २०१२ चीच बघा, २०११ ची दिसायला तशीच असते, घेऊ नका. बसवताना वळणाखाली इलेक्ट्रिकची काळी टेप चिकटवा आणि केबलला करकरीत घडी घालू नका, गोलाईनं वळवा. समोरच्या दिव्याचे आणि रिमोटच्या सेन्सरचे स्क्रूही याच पट्टीवर आहेत, ते विसरू नका.

जुना_लिनक्सवाला:

आणि केबल बसून दोन दिवस नीट चालल्यावरच ट्रिमफोर्स द्या, आधी नाही. वाट खराब असताना ट्रिम चालू केलं असतं आणि काही गेलं असतं, तर आपण सगळ्यांनी ट्रिमलाच शिव्या घातल्या असत्या. मीसुद्धा पहिल्या उत्तरात घाईच केली, प्रश्नचिन्हाचं वाचूनही.

पासवर्ड टाकताना पडद्यावर टिंबही उमटत नाही, तसाच टाइप करून एंटर मारा. 'वाय' दाबल्यावर मशीन स्वतः रीस्टार्ट होईल, उघड्या फाइली बंद करून ठेवा. कॅटालिना एपीएफएस (डिस्कवर फाइली मांडायची मॅकची पद्धत) वापरतं आणि ते डिस्क जोडताना मोकळी जागा ट्रिम करतं, म्हणून चालू व्हायला थोडा जास्त वेळ लागला तर बटण दाबून बंद करू नका.

अल्बमवाली:

केबल गुरुवारी आली, ऑनलाइन ९५० ला पडली. टेप लावून बसवली, दीड तास गेला, कारण सेन्सरचा स्क्रू फरशीवर पडला आणि पोछ्यात सापडला. निगोशिएटेड ६ गिगाबिट. १९९ चा आकडा २,८१४ वरच आहे, खाली का येत नाही?

झिरो_माईल:

येत नाही तो, जुनी उधारी खात्यावर राहतेच. वाढत नाही ना, तेवढंच बघायचं.

अल्बमवाली:

आज रविवार, अजून २,८१४. सकाळी ट्रिमफोर्स दिलं. चालू व्हायला नेहमीपेक्षा १५-२० सेकंद जास्त लागले, तेवढ्यात मी दोनदा देवाचं नाव घेतलं. 'ट्रिम सपोर्ट: येस'. अल्बम मघाशीच छपाईला गेला.

तर्रीबाज:

दुकानवाल्याले जुनी केबल नेऊन दाखवा ताई.

अल्बमवाली:

ठेवलीय पाकिटात. सोमवारी बर्डीला जायचंच आहे.