कंपनीचा इंजिनीअर की नागपूरचा मिस्त्री? लाकूडकामाची भारी मशीन जागेवर दुरुस्त कोण करणार

घाट रोडवाला

सरळ मत मांडतो, मग खुशाल तुटून पडा. नागपुरात शीट कापणारा पॅनल सॉ, कडेला पट्टी चिकटवणारा एज बँडर, कॉम्प्युटरवर चालणारा सीएनसी राउटर असल्या मशिनी घेणाऱ्याने कंपनीच्या एएमसीला, म्हणजे वार्षिक देखभाल कराराला, दरसाल पैसे भरणं बंद करावं. तेच पैसे इथल्या एका चांगल्या फिटरला आणि मशीनचं कंट्रोल पॅनल कळणाऱ्या एका इलेक्ट्रिशियनला बांधून द्यावेत. काम निघो न निघो, महिन्याच्या महिन्याला.

मशीन टनावारी वजनाची. छोटा हत्ती बोलावून ती दुकानात नेता येत नाही, माणूसच इथे यावा लागतो. तो माणूस बसतो पुण्याला, मुंबईला नाहीतर बंगलोरला. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा पूर्ण झाला, पण रस्ता झाला म्हणून इंजिनीअर लवकर निघत नाही. "विदर्भातले दोन-तीन कॉल जमले की एकदमच पाठवतो," हे उत्तर इथल्या प्रत्येकाने ऐकलेलं आहे. तोवर किचनच्या ऑर्डरवाला रोज दारात उभा.

मागच्या लग्नसराईतली गोष्ट. आमच्या एज बँडरचा ग्लू पॉट तापायचं नाव घेईना. सेटिंग १९०, डिस्प्ले १४० च्या पुढे सरकेना, आणि तापमान गाठल्याशिवाय फीड सुरूच होत नाही. कंपनीने फोनवरच निदान केलं: हीटर गेला, कोटेशन पाठवतो, माल आला की इंजिनीअर येईल. आमच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने झाकण उघडलं आणि आधी नुसता वास घेतला. पॉटच्या कडेचा ग्लू तपकिरी पडला होता, वरून बारीक धूर. म्हणाला, "हीटर गेला असता तर ग्लू करपला कशानं?" थर्मोकपलची कांडी खाचेतून निसटून बाहेर लोंबत होती. पॉट तापतच होता, मोजणारं तेवढं बाहेर. कांडी बसवली, करपलेला ग्लू खरवडून काढला, त्याच दिवशी पट्ट्या लागायला लागल्या.

आणि या शहराला फिटर काही नवीन नाहीत. टाटांची एम्प्रेस मिल इथे १८७७ ला सुरू झाली. अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं आहेत. यंत्रावर हात बसलेली माणसं इथे पिढ्यानपिढ्या आहेत. आपणच त्यांना मशीन बंद पडल्यावर आठवतो आणि बिल देताना घासाघीस करतो.

बुटीबोरीकर

दादा, एका थर्मोकपलवर सगळ्या कंपन्यांचा निकाल लावता का?

माझ्याकडची ऐका. पॅनल सॉच्या खालच्या झाकणाचा लिमिट स्विच, झाकण उघडं असलं की मोटर बंद ठेवणारा, खराब झाला. इथल्याच मिस्त्रीने दोन वायरी एकमेकींना जोडल्या, "झालं बघा" म्हणाला, पैसे घेऊन गेला. मशीन सुरू, सगळे खूश. झाकण उघडं असतानाही मोटर सुरू होते हे लक्षात आलं ते ब्लेड बदलायच्या वेळी. ऑपरेटरने मेन स्विच पाडलेला होता म्हणून त्याची बोटं आज जागेवर आहेत. ते ब्लेड मिनिटाला चार हजारांच्या आसपास फिरतं. तुमच्या बांधलेल्या माणसाने असा जुगाड केला तर जबाबदार कोण?

कंपनीचा माणूस उशिरा येतो, मान्य. पण तो पार्ट नंबर लिहून स्विच बदलतो, रिपोर्टवर सही करतो. मला त्या सहीचे पैसे द्यायला काही वाटत नाही.

वऱ्हाडी गडी

सहीनं मशीन चालते काय भाऊ? आमच्या इकडं इंजिनीअर आला, दोन घंटे मोबाइलवर बोलून राह्यला, अन् म्हणे पार्ट तिकडूनच बोलवा लागते. येण्या-जाण्याचं भाडं, हॉटेल, व्हिजिट चार्ज, वरतून १८ टक्के जीएसटी. यंदा पोळ्याच्या पाडव्याले मारबतीसंगं याहीचाच पुतळा करून बडग्या काढा म्हणतो मी!

जुना सर्व्हिसवाला

बडग्या काढा, पण आधी पलीकडची बाजू ऐका. मी बरीच वर्षं मशीन कंपन्यांसाठी फिरत होतो, विदर्भही माझ्याकडे होता. आता ते काम सोडलं आहे, त्यामुळे मोकळेपणाने बोलतो.

नागपूरहून कॉल येतो तो असा: "मशीन बंद आहे, माणूस पाठवा." अलार्म काय? "लाल काहीतरी येतंय." तिन्ही फेजचं व्होल्टेज? "लाइट तर आहे." हवेचं प्रेशर? शांतता. मग माणूस अंदाजाने बॅग भरतो, इथे येतो, आणि नेमका तोच पार्ट बॅगेत नसतो. फोन लावायच्या आधी मशीनच्या नेमप्लेटचा फोटो, अलार्मच्या स्क्रीनचा फोटो, फेज-टू-फेज आणि न्यूट्रल-अर्थ व्होल्टेजचं रीडिंग, रेग्युलेटरच्या काट्याचा फोटो आणि बिघाड होतो त्या क्षणाचा व्हिडिओ एवढं पाठवलं, तर बरेच कॉल व्हिडिओ कॉलवरच मिटतात. हे सगळं तुमचा इलेक्ट्रिशियन करू शकतो. त्याला नुसतं "बघ रे" म्हणू नका, मॅन्युअलची प्रत हातात द्या.

आता नागपूरचा खास आजार. मे महिना, पत्र्याची शेड, बाहेर पारा ४५ च्या वर. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या अनेक ड्राइव्हचं रेटिंग ४० अंशांच्या भोवतालच्या हवेला धरलेलं असतं. पॅनलच्या पंख्याचा फिल्टर एमडीएफ शीटच्या भुशाने बुजलेला. ड्राइव्ह ओव्हरहीट होऊन ट्रिप होतो. मग मालक प्रेमाने काय करतो? पॅनलचं दार उघडून समोर कूलर लावतो! वाळ्याची गार, ओली हवा आणि एमडीएफचा पिठासारखा भुसा. दोन्ही मिळून आतल्या इलेक्ट्रॉनिक कार्डावर जो थर बसतो तो मी ब्रशने नाही, खरवडून काढलेला आहे. पावसाळ्यात तेच कार्ड शॉर्ट होतं आणि नाव होतं कंपनीच्या मालाचं.

मिस्त्री की इंजिनीअर या वादात माझं मत कोणालाच आवडणार नाही. बेल्ट, साधी बेअरिंग, काँटॅक्टर, सिलिंडरचे सील, एअर लाइनमधलं पाणी, प्रॉक्सिमिटी सेन्सर यासाठी बाहेरून माणूस बोलावणं म्हणजे पैसे उडवणं. पण राउटरच्या मिनिटाला २४,००० फेऱ्यांच्या स्पिंडलची बेअरिंग इथल्या वर्कशॉपमध्ये हातोडीने बसवलेली मी पाहिली आहे. फार दिवस टिकली नाही. आणि ड्राइव्हमध्ये हात घालणाऱ्याने एवढं तरी जाणावं की मेन स्विच पाडल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये पाचशे व्होल्टच्या वर डीसी शिल्लक असतो. ड्राइव्हवर जेवढी मिनिटं थांबायला लिहिलं असेल तेवढं थांबायचं, मीटर लावून खात्री करायची, मगच पेचकस.

घाट रोडवाला

काका, फोटोंचं आणि कूलरचं शंभर टक्के मान्य. कूलरवाले आमच्या गल्लीतच आहेत, नावं घेत नाही.

पण तुम्ही हे सोयीस्करपणे वगळलंत: पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला, पासवर्ड टाकून ठेवतं कोण? आमच्या शेजाऱ्याच्या बोरिंग मशीनमध्ये एक सेन्सर बदलला, प्रोग्राममध्ये त्याची एक वेळ थोडी वाढवायची होती. इलेक्ट्रिशियनला कळत होतं काय करायचं ते, पण प्रोग्राम उघडेना. कंपनी म्हणे, आमचाच माणूस करेल. पैसे मोजून घेतलेल्या मशीनची किल्ली विकणाऱ्याच्या खिशात, आणि वर आम्हालाच सांगता मिस्त्री अडाणी! प्रोग्रामचा बॅकअप सुरुवातीलाच का देत नाही?

बुटीबोरीकर, तुमच्या लिमिट स्विचबद्दल: तो मिस्त्री एकदा येऊन गेलेला माणूस होता. त्याला उद्या परत तोंड दाखवायचं नव्हतं. मी म्हणतो तो महिना बांधलेला माणूस. जो परत येणार आहे तो जुगाड करताना दहादा विचार करतो. सरकत्या टेबलाचा सॉ जर्मनीत विल्हेल्म आल्टेनडॉर्फने १९०६ साली काढला, त्यात रेल, रोलर, बेल्ट आणि दोन ब्लेडंच आहेत. ते शिकवलं तर इथल्या पोराला येणार नाही का?

बुटीबोरीकर

शिकवणार कोण? आणि शिकला की तो तुमच्याकडे राहणार? कंपनीच त्याला जास्त पगारावर उचलून नेईल. रेल-रोलर म्हणता, त्याच रेलचे अ‍ॅडजस्टिंग बोल्ट इथल्या एकाने "थोडे ढिले वाटले" म्हणून आवळले. नंतर आठ फुटी शीट कापली की काटकोन सुटलेला. पाच कापांची टेस्ट घेतली, चूक दिसली, पण मूळ सेटिंग कुठे होतं ते कोणालाच ठाऊक नाही. कंपनीचा माणूस डायल गेज घेऊन बसला तेव्हा जागेवर आलं. पासवर्डचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण तो प्रश्न मशीन घेताना सोडवायचा असतो. तेव्हा आपण सगळे फक्त डिस्काउंट मागतो.

कापसी आरा

तुमची ती कॉम्प्युटरची मशीन मला माहीत नाही. आमच्या आरा मशीनला आजवर इंजिनीअर लागला नाही. बल्लारशाचं सागवान येतं, पट्टा दिवसभर चालतो. चाकाचं बेअरिंग, पट्ट्याचा ताण, दात घासणं आणि दातांचा सेट, एवढ्यावर घर चालतं. पण खरं दुखणं वेगळंच आहे. पट्टा नीट घासणारे हात कमी होत चालले. जो आहे त्याचा फोन उन्हाळ्यात लागत नाही. घाट रोडवाला म्हणतो तसे महिन्याचे पैसे आम्ही आधीपासून देतो, त्याला आमच्यात कोणी एएमसी म्हणत नाही एवढंच.

नवा धंदा

सगळ्यांना नमस्कार. मी हिंगण्याजवळ छोटं युनिट टाकतोय. वापरलेला एज बँडर दिल्लीहून स्वस्तात मिळतोय. विकणारा म्हणतो, काही झालं तर फोनवर सांगू. घ्यावा का? आणि नवीन घेतला अन् सर्व्हिस नाही मिळाली तर ग्राहक मंचात जाता येतं का?

हिशेबवाली

मंचाबद्दल मी सांगते, कारण याच चुकीच्या समजुतीवर लोक बिनधास्त सही करतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने वस्तू घेणारा 'ग्राहक' धरला जात नाही. अपवाद आहे: केवळ उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून तुम्ही स्वतःच ती वापरत असाल तर. तुमचं छोटं युनिट त्यात बसू शकतं. तीस कामगारांच्या कारखान्याला ते सिद्ध करणं अवघड. बसत असाल तर तक्रार नागपुरातच करता येते, कारण या कायद्याने तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात जाता येतं. मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग.

आणि कोणी 'राइट टु रिपेअर'चं नाव काढायच्या आधीच सांगते. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल काढलं ते शेती अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं या चार क्षेत्रांसाठी. लाकूडकामाची मशीन त्यात नाही.

म्हणून जे काही हवं ते परचेस ऑर्डरवर. किती तासांत फोनवर उत्तर, किती दिवसांत माणूस नागपुरात, नाही आला तर किती कापायचे. प्रोग्राम आणि पॅरामीटरचा बॅकअप पेन ड्राइव्हवर, इन्स्टॉलेशनच्या दिवशी. शेवटचा हप्ता बॅकअप हातात आल्यावर. वॉरंटीत स्थानिक माणसाने काय उघडलेलं चालेल, ते ईमेलवर लिहून. एएमसी वाईट नसते, तारीख न लिहिलेली एएमसी वाईट असते. वऱ्हाडी भाऊ, तो १८ टक्के जीएसटी तुमची नोंदणी असेल तर बहुधा क्रेडिटमध्ये परत मिळतो. बिल नावावर घ्या म्हणजे झालं.

वऱ्हाडी गडी

ताई, बिल देते कोण मले! इंजिनीअर म्हणे, बिल पाहिजे तर वेगळा रेट.

जुना सर्व्हिसवाला

नव्या धंद्यासाठी: दिल्लीचा बँडर घ्यायचाच असेल तर तुमचा फिटर सोबत घेऊन जा. मशीन थंड असताना सुरू करायला लावा आणि ग्लू तापून पट्टी लागेपर्यंत हलू नका. आधीच तापवून ठेवलेली मशीन दाखवणाऱ्याला विचारायचं, का बुवा. वायरिंग डायग्राम नसेल तर भाव पाडा, कारण ती कमतरता तुम्ही पुढे दर बिघाडाला भरणार आहात. नागपुरात त्याच मेकचं दुसरं मशीन कोणाकडे आहे तेही शोधा. अडल्या वेळी त्याच्याकडचं कार्ड लावून बघता येतं. कंपनीच्या ब्रोशरपेक्षा हे शेजारपण जास्त कामाचं.

बुटीबोरीकर

आणि कोणी मला त्याच्या चालू मशीनचं कार्ड काढून देईल? कोणत्या नागपुरात राहता तुम्ही काका?

घाट रोडवाला

मी देईन. माझी अट एकच, कार्ड माझाच इलेक्ट्रिशियन काढेल आणि तोच लावेल. घाट रोड-लकडगंजच्या पाच दुकानदारांशी बोलणं सुरू आहे, मिळून एक फिटर आणि एक इलेक्ट्रिशियन बांधायचे. कोणाची कोणती मशीन, बॅकअप कोणाकडे, कोणतं बेअरिंग लागतं, याची एक वही. बुटीबोरीवाल्यांनीही यावं.

बुटीबोरीकर

वहीत 'बायपास केलं' असा रकाना असेल आणि त्यापुढे मिस्त्रीची सही असेल तर येतो. एएमसी मात्र सोडत नाही.

वऱ्हाडी गडी

पाच दुकानात एक इलेक्ट्रिशियन? मे महिन्यात पाचही मशीन एकाच दिवशी ट्रिप होतेत भाऊ, तवा तो पयले कोणाकडं जाईन ते आताच ठरवून घ्या.

घाट रोडवाला

ज्याच्या पॅनलसमोर कूलर नाही त्याच्याकडे.