वर्ध्यात नवीन घर बांधतोय, उन्हाळ्यासाठी वरचे २ लाख आहेत, कशात घालू?

वर्धेकर_भाऊ

नमस्कार मंडळी. वर्ध्यात ३० बाय ५० चा प्लॉट आहे, रस्ता पश्चिमेला. ग्राउंडला साधारण १००० स्क्वेअर फूट बांधायचं, वर सध्या फक्त गच्ची, पुढेमागे एक खोली चढवू. पायाचं काम दिवाळीनंतर, म्हणजे नकाशात बदल अजून करता येतो.

बजेट आधीच ताणलंय तरी घासूनपुसून २ लाख बाजूला काढलेत, ते फक्त घर थंड राहावं आणि बिल कमी यावं यासाठी. आता जो भेटतो तो वेगळं सांगतो. आर्किटेक्ट म्हणतो एएसी ब्लॉक (आत हवेचे बुडबुडे असलेले हलके सिमेंटचे ठोकळे) घ्या आणि खिडक्यांना डबल काच लावा, ठेकेदार म्हणतो फ्लाय अ‍ॅशची (कोळशाच्या राखेची) वीट बेस्ट अन् थंडावा पाहिजे तर एसी घ्या की राजेहो, मेव्हणा म्हणतो सगळे पैसे सोलरमध्ये टाक बिल झिरो. थ्रीडी मध्ये समोरच्या बाजूला हॉलची ८ फुटी काच दाखवलीये, बायकोला फार आवडली. आईचं म्हणणं मोठी बेडरूम नैऋत्येलाच पाहिजे, त्यात तडजोड नाही.

आत्ताच्या भाड्याच्या घरात मे मध्ये रात्री ११ वाजता भिंतीला हात लावला तर तव्यासारखी लागते. ते परत नको. कुणी अनुभव सांगेल का, खरंच कशाचे पैसे वसूल होतात?

साइटवाला

भाऊ, वर्ध्यातच साइटी बघतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२ लाख कुठे घालायचे हे नंतर बघू, आधी जे फुकट आहे ते नकाशात करून घ्या कारण पाया भरला की ते लाखभर देऊनही होत नाही. समोरची ८ फुटी काच काढा. पश्चिमेचं ऊन ३ वाजल्यापासून तिरपं येतं, छज्जा कितीही मोठा काढला तरी त्याच्या खालून आत शिरतं, आणि पडदा लावून उपयोग नसतो कारण पडद्यापर्यंत ऊन पोचलं म्हणजे उष्णता घरात आलीच. अडवायचं तर काचेच्या बाहेर. समोर पोर्च घ्या, त्याला वरून खाली जाळीचं विटकाम किंवा उभ्या पट्ट्या, जागा असेल तर एक कडुनिंब लावा. वहिनींना सांगा एलेव्हेशन (घराची समोरची बाजू) जाळीनेही छान दिसतं, मी फोटो देतो. जिना, बाथरूम, स्टोअर जेवढं जमेल तेवढं पश्चिमेच्या भिंतीला सरकवा, तिथे कोणी झोपत नाही, तापू दे.

दक्षिणेला घाबरायचं कारण नाही. आपल्याकडे २४ मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, सावली पायाखाली. मार्च ते सप्टेंबर दक्षिणेच्या ४ फुटी खिडकीला २ फुटाचा छज्जा दुपारभर पुरतो, आणि डिसेंबरात सूर्य खाली आला की अर्ध्या खिडकीतून ऊन आत येतं, जे थंडीत पाहिजेच असतं.

आता मुख्य. सूर्य डोक्यावर म्हणजे मार कुणावर? स्लॅबवर! तुमचं घर एकमजली, म्हणजे अख्खं घर त्या तव्याखाली. लोक भिंतीच्या विटेवर महिनाभर वाद घालतात अन् गच्चीवर साधा कोबा (सिमेंटचा थर) मारून मोकळे होतात. ढोबळ हिशोब देतो: ६ इंची स्लॅब आणि वर कोबा, याचा यू व्हॅल्यू २.३ च्या आसपास (म्हणजे एका चौरस मीटरमधून दर डिग्रीच्या फरकाला एवढे वॅट आत येतात). गच्ची ९३ चौरस मीटर. वरचा पृष्ठभाग ६० डिग्री आणि आत ३५ धरा, तर ५३०० वॅट म्हणजे दीड टनाच्या एसीची सगळी ताकद फक्त छताशी भांडण्यात गेली. कोब्याखाली २५ मिमी एक्सपीएसची (टणक फोमची) शीट टाकली की यू ०.९ च्या खाली येतो, वरून पांढरं केलं की पृष्ठभाग ४५ च्या आसपास राहील असं धरू, मग तोच आकडा ८०० वॅट. प्रत्यक्षात स्लॅब उशिरा तापतो उशिरा निवतो म्हणून आकडे तंतोतंत नाही येणार, पण फरक केवढा आहे बघा. केंद्राच्या इको निवास संहिता २०१८ मध्ये छताचा यू जास्तीत जास्त १.२ सांगितलाय, ती ५०० चौरस मीटर आणि वरच्या प्लॉटसाठी आहे, तुम्हाला बंधन नाही, पण मापाला मोजपट्टी म्हणून वापरायला काय हरकत.

गच्चीवाली

साइटवाला दादांना पूर्ण अनुमोदन, कारण मी नेमकी उलटी चूक केलीये 😅

आम्ही अमरावतीला २०१९ ला बांधलं. सगळ्या भिंती एएसी ब्लॉकच्या, कौतुकाने सगळ्यांना सांगायचो. गच्चीवर मात्र ठेकेदार म्हणाला वॉटरप्रूफिंगमध्येच सगळं होतं ताई, वेगळं काही लागत नाही. पहिल्या मे मध्ये दुपारी घर ठीक असायचं आणि रात्री ९ नंतर छतातून जी धग यायची, फॅन लावला की ती गरम हवाच अंगावर. शेवटी २०२२ ला कोब्यावर शीट टाकून परत आयपीएस (घोटलेला सिमेंटचा थर) आणि वर तुटक्या पांढऱ्या टाइल्सचं चायना मोझॅक केलं, ९०० फुटाला मजुरीसकट ७२ हजार गेले. बांधतानाच केलं असतं तर कोबा एकदाच झाला असता ना. शिवाय पॅरापेटची (गच्चीच्या कठड्याची) उंची कमी झाली, दाराचा उंबरठा परत उचलावा लागला, त्या भानगडी वेगळ्याच.

पैसे कमी असतील तर निदान चुना मारा. चुन्यात फेव्हिकॉल घालून दोन हात, दर वर्षी मार्चमध्ये. माझ्या आईकडे तसंच करतात, फरक पडतो, फक्त धुळीने काळवंडलं की असर कमी होतो.

आणि एएसीला भिंतीत खिळा नीट धरत नाही, टीव्ही कपाट लावताना खास फास्टनर लागतात, हे कोणी आधी सांगत नाही.

पुणेरी_मीटर

एवढा खटाटोप कशाला? पीएम सूर्यघर (घरावरच्या सोलरची केंद्राची योजना) मध्ये ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे, दिवसाला १२ च्या आसपास युनिट पडतात, दोन फाइव्ह स्टार एसी लावा आणि झोपा शांत. नेट मीटरिंग असल्यावर दिवसाचे युनिट रात्री वळते होतात. घर गरम असलं तर असू दे, वीज आपलीच आहे. माझं बिल दोन वर्षं नाममात्र येतंय.

साइटवाला

सोलर घ्याच, माझा विरोध नाही. पण पुण्याचा उन्हाळा अन् वर्ध्याचा उन्हाळा एक नाही हो सर. आमच्याकडे मे मध्ये वादळ झालं की दुपारची लाइट जाते, कधी रात्रीची, आणि साधं ऑनग्रिड (सरकारी लाइनला जोडलेलं, बॅटरी नसलेलं) सोलर ग्रिड बंद झाली की आपोआप बंद पडतं, लाइनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून तसंच बनवलेलं असतं. म्हणजे छतावर ३ किलोवॅट आणि खाली तुम्ही हातपंख्याने वारा घेताय. लाइट गेलेल्या त्या वेळात घर स्वतः थंड असेल तरच निभाव. शिवाय स्लॅब तसाच ठेवून एसी लावले तर ३ किलोवॅट पुरणार नाही, ५ लागेल, आणि सबसिडी ३ नंतर वाढत नाही, ७८ हजारावरच थांबते.

सेवाग्रामला बापूकुटीत मे महिन्यात दुपारी जाऊन बसा कधी. मातीच्या भिंती, वर कवेलू, चोहीकडे पडवी, भिंतीवर ऊन पडतच नाही. १९३६ सालच्या आश्रमातली कुटी आहे ती, एसी कुठला. आपण तसं घर बांधणार नाही हे कबूल (मी पण आरसीसीच बांधलं), पण पडवीची अक्कल तर घेऊ शकतो.

वर्धेकर_भाऊ

भारी माहिती, सगळ्यांचे आभार. काच काढायची बोलणी सुरू केलीत, घरात वातावरण गरम आहे 😄 तीन शंका. नैऋत्येच्या बेडरूमचं काय करू, आई ऐकणार नाही. भिंतीला वीट की ब्लॉक? आणि डबल काच?

गच्चीवाली

डबल काच सोडा. ती जिथे दिवसभर बंद खोलीत एसी चालतो तिथली गोष्ट आहे, आपण रात्री खिडक्या उघडून झोपणारे लोक. त्यापेक्षा खिडकी उघडते किती ते बघा. ती संहिता नागपूरच्या हवामानाला उघडणारी खिडकी जमिनीच्या १२.५ टक्के सांगते, म्हणजे १२० फुटाच्या खोलीला १५ फूट. तुम्ही ४ बाय ४ ची स्लायडिंग लावली तर कागदावर १६ पण उघडते फक्त ८. पल्ल्याची लावली तर जवळपास सगळी उघडते. आणि जाळी, ग्रिल आत्ताच करा, नाहीतर डास आणि चोर यांच्या भीतीने रात्री कोणी खिडकी उघडत नाही आणि मग रात्रीची थंड हवा बाहेरच राहते. आम्ही रात्री ९ ला सगळं उघडतो, सकाळी ८ ला सगळं बंद.

अजून एक, कूलरची खिडकी नकाशात दाखवा!! सावलीच्या बाजूला, बाहेर कडप्प्याचा ओटा, एक नळ, एक ड्रेन, एक १५ अँपिअरचा पॉइंट. घर झाल्यावर आपण लोखंडी स्टँड अन् हिरवा पाइप घेऊन नाचतो. आणि कूलरच्या समोरच्या बाजूने हवा बाहेर जायला वाट पाहिजे, नाहीतर दमट कोंडतं. एप्रिल मे ला कूलर २०० वॅटमध्ये काम करतो, एसी १००० च्या वर. जूनच्या दमटीत कूलर हरतो, तेव्हापुरता बेडरूमला एक एसी.

साइटवाला

नैऋत्येला बेडरूम ठेवा की, आईंशी कशाला वाद. फक्त पश्चिमेला खिडकी देऊ नका, दक्षिणेला द्या, अन् पश्चिमेच्या भिंतीला आतून पूर्ण वॉर्डरोब. कपडे तापतील, माणसं नाही.

भिंत: ९ इंची विटेचा यू २ च्या आसपास, ८ इंची एएसीचा पाऊण. फरक मोठा आहे पण सगळीकडे लागत नाही. फक्त पश्चिमेची भिंत एएसीत घ्या, जोड कॉलमवर येऊ द्या आणि सांध्याला कोंबडी जाळी मारून प्लास्टर करा म्हणजे तडे येणार नाहीत. बाकी फ्लाय अ‍ॅश चालेल, स्वस्त आहे, उष्णतेसाठी मात्र साध्या विटेपेक्षा फार काही वेगळी नाही. रॅट ट्रॅप बॉन्ड (विटा रचायची एक पद्धत) कोणी सुचवेल, विटा २० ते २५ टक्के वाचतात आणि मध्ये हवेची पोकळी राहते, पण मिस्त्रीला येत असेल तरच, शिकाऊ हाताने पोकळीत मसाला भरला की सगळं मुसळ केरात.

तुमच्या २ लाखात मी असं करीन: गच्चीची शीट आणि पांढऱ्या टाइल्स ८० ते ९० हजार, पश्चिमेची भिंत आणि पोर्चची जाळी ४० ते ५०, पल्ल्याच्या खिडक्या आणि जाळीचा वाढीव खर्च ३०, उरलेल्यात बीएलडीसी (कमी वीज खाणारे) फॅन. साधा फॅन ७५ वॅट, हा ३०. रोज १५ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर एका फॅनमागे २०० युनिट वाचतात, वरचे हजार दीड हजार साधारण वर्षभरात निघतात. पाहुण्यांच्या खोलीत साधाच लावा, तिथे चालतोच किती.

सोलर पुढच्या वर्षी कर्ज काढून घ्या, पण गच्चीवरून मीटरपर्यंत पाइप आत्ता टाका, आणि जिन्याचं हेडरूम (जिन्यावरची गच्चीतली खोली) अन् पाण्याची टाकी उत्तरेला घ्या. दक्षिणेला घेतली तर हिवाळ्यात सावली थेट पॅनलवर. फुकटचं काम आहे, फक्त आत्ता आठवलं पाहिजे.

पुणेरी_मीटर

ऑनग्रिड बंद पडतं हा मुद्दा मान्य, आमच्या सोसायटीत जनरेटर असल्यामुळे कधी जाणवलं नाही. टाकीचं मात्र १०० टक्के खरं, आमच्या टाकीची सावली दोन पॅनल खाते.

वर्धेकर_भाऊ

अपडेट: काच ८ फुटावरून ३ फुटावर आली, बाकी जाळी. आर्किटेक्टने तोंड वाकडं केलं पण नकाशा बदलून देतो म्हणाला. ठेकेदार शीटबद्दल म्हणतो "स्लॅबवर थर्माकोल टाकून वर चालणार का तुम्ही?" याला काय सांगू?

आणि आई विचारते, गच्ची पांढरी केली तर उन्हाळ्यात रात्री बाज टाकायला बरंच होईल, पण ते पॅनल सगळी जागा खातील का?

साइटवाला

त्याला सांगा पॅकिंगचा थर्माकोल नाही, एक्सपीएस आहे, दाबायला टणक असतं, आणि वर जाळी टाकून कोबा असतोच, चालणं कोब्यावर आहे शीटवर नाही. आधी वॉटरप्रूफिंग, मग शीट, मग कोबा, हा क्रम लिहून घ्या त्याच्याकडून.

३ किलोवॅटला ३०० फूट लागतात, ७०० उरतात, बाजेला पुरे. ७ फुटी स्ट्रक्चर केलं तर पॅनलखाली पण बाज मावते पण खर्च वाढतो, वादळाचा वारा धरतो म्हणून बेस कॉलमवरच घ्यावा लागतो. आणि काकूंना पॅनलखाली झोप आवडणार नाही, वर उघडं आभाळ असलं तरच गच्ची लवकर निवते.