चोवीसशे मुलांच्या हायस्कूलमध्ये मूल हरवतं का?

टर्नपाइक_नऊ

हिवाळा आला की आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काउंटी अकॅडमीच्या (परीक्षा घेऊन निवडक मुलं घेणारी छोटी पब्लिक शाळा) प्रवेश परीक्षेचा जप सुरू होतो. आठवीतली पोरं क्लासात, आईबाप पार्किंगमध्ये हीटर लावून क्लास सुटायची वाट बघत. का, तर गावचं पब्लिक हायस्कूल 'फार मोठं' आहे, तिथे 'लक्ष देत नाहीत'. म्हणून हा धागा.

माझी मुलगी गेल्या जूनमध्ये त्याच फार मोठ्या शाळेतून बाहेर पडली. अमेरिकेतलं सेंट्रल न्यू जर्सी, मिडलसेक्स काउंटी. शाळेचं नाव लिहीत नाही. पट चोवीसशेच्या घरात. शाळा मोठी होती म्हणूनच तिचं भलं झालं, असं माझं मत आहे.

एक तर विषय. एडिसनच्या काउंटी अकॅडमीत चारही इयत्तांची मिळून दोनशेच्या आत मुलं. शिकवतात उत्तम, नाही कोण म्हणतंय. पण आपल्याला इंजिनिअर व्हायचंय हे तेराव्या वर्षी कुणाला ठाऊक असतं? आमचीला वाटलं होतं ठाऊक आहे. नववीत रोबोटिक्सला गेली, दहावीत कंटाळली, अकरावीत एपी (हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पातळीचा विषय) एन्व्हायर्नमेंटल सायन्स घेतलं आणि आता कॉलेजात मातीचा अभ्यास करते. लॅटिनपासून ऑटो शॉपपर्यंत सगळं एका छपराखाली होतं, म्हणून शाळा न सोडता वाट बदलता आली.

दुसरं, पैसे. न्यू जर्सीत प्रॉपर्टी टॅक्सची राज्याची सरासरी २०२४ मध्ये वर्षाला १०,००० डॉलरच्या वर गेली. त्यातला निम्म्याच्या आसपास शाळांना जातो. म्हणजे ही शाळा काही फुकटची नाही. आपण आपल्याच पैशांनी वाढलेलं ताट सोडून शेजारच्या पंगतीत डोकावतोय.

मधला_बाक

तुमची मुलगी हुशार आणि बोलकी असणार. अशा मुलांचं कुठेही भलं होतं, त्याचं श्रेय शाळेला कशाला?

माझा मुलगा नववीत आहे. तुमच्यासारखीच शाळा, कदाचित तीच. सप्टेंबरातल्या बॅक टू स्कूल नाइटला पालकांच्या हातात मुलाचं वेळापत्रक देतात आणि दहा दहा मिनिटांचे तास करत त्याच्या सगळ्या वर्गांतून फिरवतात. मधे चार मिनिटं. तिसऱ्या तासाला मला सी विंगला जायचं होतं, पोचले ई विंगला. हातात नकाशा, पायात ऑफिसचे बूट, घाम. वर्गात शिरले तेव्हा बाई शेवटचं वाक्य बोलत होत्या. घरी येऊन हसत हसत त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "पहिल्या आठवड्यात मी पण चुकीच्या वर्गात बसलो होतो. दोनदा. तास संपेपर्यंत." म्हटलं, उठला का नाहीस? "सगळे बघतील म्हणून."

दोन्ही वेळा मला गैरहजेरीचा रेकॉर्ड केलेला फोन आला होता. मी ते शाळेच्या मशीनची चूक समजून सोडून दिले. म्हणजे मुलगा वर्गात नाही हे कॉम्प्युटरला कळलं. समोर एक अनोळखी मुलगा त्रेचाळीस मिनिटं बसलाय, हे मात्र एकाही माणसाला कळलं नाही.

आणि काउन्सेलर. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे एका काउन्सेलरमागे २५० विद्यार्थी. आमच्याकडे हा आकडा साडेतीनशेच्या पुढे आहे, हे मला खुद्द काउन्सेलरनीच सांगितलं. बिचाऱ्या चांगल्या आहेत. पण बोलताना स्क्रीनवर मुलाचं नाव शोधत होत्या.

टर्नपाइक_नऊ

वाईट वाटलं वाचून. तरी एक विचारतो, राग मानू नका. मुलगा लाजाळू असेल तर उठून 'मी चुकीच्या वर्गात आहे' म्हणायला तो शिकणार कधी? कॉलेजात तर चाळीस हजार मुलं असतात.

मधला_बाक

राग आलाय. पोहता येत नाही म्हणून विहिरीत ढकलायचं, ही पद्धत आमच्या आजोबांच्या काळात होती. तेव्हासुद्धा कमरेला दोर बांधायचे.

प्लेन्सबरोकर

दोघेही शाळेच्या आकारावर भांडताय. आमच्याकडची जुनी गोष्ट सांगतो. २०१५ मध्ये वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोच्या सुपरिंटेंडेंटनी, म्हणजे तिथल्या सगळ्या पब्लिक शाळांच्या प्रमुखांनी, पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं होतं. मुलांवर ताण असह्य झालाय, अमुक इतकी मुलं मानसिक तपासणीसाठी पाठवावी लागली, वगैरे. मग मिडटर्म आणि फायनल परीक्षा बंद केल्या, काही रात्री गृहपाठ नाही असं ठरवलं, प्राथमिक शाळेतल्या प्रगत गणिताच्या वर्गाला चाप लावला. पालकांत उभी फूट पडली, न्यू यॉर्क टाइम्सपर्यंत बातमी गेली. 'दर्जा खाली आणताय' असं म्हणणाऱ्यांत आपली देशी मंडळी पुढे होती. खोटं कशाला बोलू, मीही त्यांच्याच रांगेत बसलो होतो, आणि पोरगं तेव्हा चौथीत होतं.

शाळा चोवीसशेची असो नाहीतर दोनशेची, ताण घरून डब्यात भरून जातो.

अकरावी_ब

मी मोठ्या शाळेत अकरावीत आहे, म्हणजे ज्युनिअर. पुण्याहून सहावीत आले. मराठी टाइप करायला वेळ लागतो, चुका पोटात घाला.

काका, डब्याचं बरोबर आहे. आता डबा फोनमध्ये येतो. जेनेसिस नावाचं पोर्टल आहे, त्यात मार्क पडले की आईबाबांना माझ्या आधी कळतात. परवा केमिस्ट्रीचा तास चालू असताना बाबांचा मेसेज: "८७ का?" मला पेपर अजून परतसुद्धा मिळाला नव्हता. पोर्टल शाळेनं दिलंय, दर तासाला रिफ्रेश करा असं शाळेनं सांगितलेलं नाही.

चार एपी घेतलेत. कुणी जबरदस्ती केली नाही. लंचला ज्या टेबलावर बसते तिथे सगळ्यांचे चार किंवा पाच आहेत, एवढंच कारण. आमचा लंच १०:४८ ला असतो, तीन पाळ्यांत जेवतात ना. सकाळी पावणेअकराला वरणभात कोण खाणार? शाळेबद्दल तक्रार करायचीच असेल तर ती करा. आणि बाथरूमची. व्हेपिंगमुळे अर्धी बाथरूम कुलूपबंद, उरलेल्यात जायला लॅपटॉपवर पास काढायचा.

पण मोठ्या शाळेबद्दल मी टर्नपाइककाकांच्या बाजूनं आहे, त्यांच्या कारणासाठी नाही. मिडल स्कूल लहान होतं. तिथे मी 'व' आणि 'डब्ल्यू' कसे म्हणते हे सगळ्यांना माहीत होतं, तीन वर्षं माहीत होतं. हायस्कूलमध्ये आले आणि ते कुणालाच माहीत नव्हतं. कुणी ओळखत नाही याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. मावशी, तुमच्या मुलाला उठायची लाज वाटली ते कळलं मला. पण दुसऱ्या दिवशी ते कुणाच्या लक्षातही नव्हतं. लहान शाळेत वर्षभर चिडवलं असतं.

मधला_बाक

अकरावी_ब, तुझं मराठी छान आहे. आणि ८७ चांगले मार्क आहेत, बाबांना सांग.

आकडेमोड

हा वाद अमेरिकेत नवा नाही. जेम्स कॉनंट, हार्वर्डचे माजी अध्यक्ष, यांनी १९५९ मध्येच मांडलं होतं की छोटी हायस्कुलं एकत्र करा. शेवटच्या वर्षात निदान शंभर मुलं नसतील तर चांगलं फिजिक्स, चांगली फ्रेंच परवडत नाही. टर्नपाइकरावांचा मुद्दा तोच. मग २००० नंतर गेट्स फाउंडेशननं उलट्या दिशेला पैसा ओतला, मोठ्या शाळा फोडून छोट्या करायला, सुमारे दोन अब्ज डॉलर. २००९ मध्ये बिल गेट्सनी स्वतःच लिहिलं की त्यातल्या बऱ्याच शाळांत मुलांच्या प्रगतीत फारसा फरक पडला नाही. विषय संपला.

मधला_बाक

संपला कसा? न्यू यॉर्क शहरातल्या तशाच छोट्या शाळांचा एमडीआरसी या संस्थेनं अभ्यास केला, तिथे हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. अर्धीच गोष्ट सांगायची असेल तर कीर्तनाला बसा.

आकडेमोड

मान्य. पण ती मुलं गरीब वस्त्यांतली. आपली सबर्बातली पोरं हायस्कूल पूर्ण करणार की नाही, हा प्रश्नच नसतो. आपला प्रश्न रटगर्स, म्हणजे आपल्या राज्याची युनिव्हर्सिटी, की त्याहून 'वर', एवढाच.

मधला_बाक

हा तुमचा प्रश्न. माझा नाही. मी कॉलेजचं नावही काढलेलं नाही अजून.

सहा_महिने_पाहुणा

मुलीकडे आलो आहे, ती हा धागा मोठ्यानं वाचून दाखवत होती. मी नाशिक जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक. आमचा पट एकोणीसशे होता, म्हणजे तुमच्याहून फार लहान नाही. एका वर्गात पासष्ट-सत्तर पोरं, आणि वर्गखोल्या कमी म्हणून दोन पाळ्या. लक्ष देत होतो असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

नातवाला विचारलं, तुझी तुकडी कुठली? त्याला प्रश्नच कळला नाही. इथे तुकडीच नाही! दर तासाला पोरं निराळी, मास्तर निराळे, खोली निराळी. आमच्याकडे आठवी ड म्हटलं की ती सत्तर पोरं वर्षभर त्याच खोलीत. मास्तर बदलायचे, पोरं नाही. एखादा चुकून आठवी क मध्ये बसला तर अख्खा वर्ग ओरडायचा, "सर, हा आमच्यातला नाही!" वर एक वर्गशिक्षक. बरे-वाईट असतील, पण हजेरी घ्यायला रोज तेच, आणि प्रगतिपुस्तकावर सही त्यांचीच. बापाला बोलवायचं तर तेच बोलवणार. आकडा मोठा होता, पण मूल सत्तरातलं होतं, एकोणीसशेतलं नाही.

बाकी इथली वाचनालयं, मैदानं पाहून हेवा वाटला. प्रयोगशाळेत प्रत्येक पोराच्या हातात स्वतंत्र ब्युरेट! आमच्याकडे ती कपाटात असे.

टर्नपाइक_नऊ

सर, नमस्कार. 'ड' तुकडीत कोणाला घालायचे तेही लिहा ना. मी सातवी ड मध्ये होतो. वर्गशिक्षक आम्हाला नावानं ओळखायचे हे खरं, पण ते कशासाठी, हे अजून पाठीला आठवतं.

तरी तुमचं म्हणणं डोक्यात घोळतंय. मुलीला फोन करून विचारलं, चार वर्षांत तुला रोज ओळखणारं माणूस कोण होतं? जराही न थांबता म्हणाली, बँड डायरेक्टर. मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट होती ना ती. ऑगस्टच्या उन्हात बँड कॅम्प, शुक्रवारी फुटबॉलची मॅच, थंडीत बोटं आखडेपर्यंत. मी चार वर्षं त्यावर कटकट केली होती की अभ्यासाचा वेळ जातो. माझ्या पहिल्या पोस्टमध्येही बँड नाही, बघा. विषय मोजले, टॅक्स मोजला.

पण शाळा मोठी नसती तर दीडशे पोरांचा बँड उभा राहिला नसता, हेही लिहून ठेवतो.

मधला_बाक

लिहून ठेवा. आणि बँड न वाजवणाऱ्यानं काय करायचं तेही. तुम्ही म्हणताय ती तुकडी ज्याची त्यानं शोधायची. सरांच्या शाळेत ती पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलेली असायची. माझ्या मुलानं कुठलाच क्लब घेतलेला नाही. सप्टेंबरात क्लब फेअर झाली, सत्तर टेबलं होती म्हणे. तो म्हणाला, गर्दी फार होती.

प्लेन्सबरोकर

जरा अवांतर: मुलगा मराठी शाळेत जात असेल तर सील ऑफ बायलिटरसीचं बघा. मराठीची परीक्षा देता येते, डिप्लोम्याबरोबर सन्मान मिळतो. तिथे गर्दी नक्की नसते.

अकरावी_ब

मावशी, क्लब फेअरला मी पण गेले नव्हते. मी स्टेज क्रूमध्ये आहे, म्हणजे शाळेच्या नाटकांचं पडद्यामागचं काम. तिथे फेअरमधून कुणी येत नाही, कुणीतरी कुणाला तरी घेऊन येतं. अंधारात काम, काळे कपडे, बोललं तर उलट ओरडा बसतो. लाजाळू मुलांसाठी याहून चांगली जागा नाही. दोन तास एका मुलाबरोबर लाकडी जिना रंगवला, त्याचं नाव मला तिसऱ्या दिवशी कळलं.

तुम्ही सी विंग आणि ई विंग लिहिलंत, त्यावरून वाटतंय तुमचा मुलगा आमच्याच शाळेत आहे. असला तर गुरुवारी शेवटच्या बेलनंतर ऑडिटोरियमच्या मागच्या दाराशी पाठवा. लोडिंग डॉकचं दार, पुढचं नाही, पुढचं कुलूपबंद असतं. कुणी विचारलं तर म्हणावं, जिना रंगवायला आलोय.

मधला_बाक

विचारते त्याला. जाईल असं वाटत नाही.

लोडिंग डॉक म्हणजे बस थांबतात त्या बाजूला, की टेनिस कोर्टाकडून?