मदत हवी आहे: एअर प्युरिफायर रात्रंदिवस चालू ठेवला तर वीज किती खाईल?

नमस्कार मंडळी. मुलाला दम्याचा त्रास आहे, म्हणून त्याच्या खोलीत हेपा फिल्टरचा प्युरिफायर घेतलाय. डॉक्टरांनी तो शक्यतो बंद करू नका असं सांगितलंय. पण घरातले दर दोन तासांनी येऊन बटण बंद करतात, "बिल येईल" म्हणून. आणि मग पहाटे त्याचा खोकला सुरू होतो.

मी हिशोब मांडून पाहिला. मशीनच्या मागच्या पट्टीवर ५० वॅट लिहिलंय. २४ तास म्हणजे १.२ युनिट, महिन्याला ३६. पण तो आकडा सगळ्यात जास्त वेगाचा. प्लगमध्ये लावायचं छोटं मीटर आणून बघितलं तर सगळ्यात कमी वेगावर जेमतेम ८ वॅट दाखवतं! म्हणजे महिनाभर अखंड चालवूनही पावणेसहा युनिट. माझं काही चुकतंय का? जाणकारांनी कृपया तपासून सांगा.

खरी अडचण पुढे आहे. कमी वेगावर हवा पुरेशी साफ होते का, की ऑटोवर ठेवणं बरं? ऑटोवर फोडणीचा वास आला तरी पंखा घोंघावायला लागतो, मुलाची झोपमोड होते. शिवाय आतली जाळी काल काढली तर राखेसारखी करडी झाली होती. फिल्टर तुंबला की वीज जास्त लागते, की फक्त हवा कमी येते?

ज्यांच्याकडे वर्षभर चालू आहे त्यांनी आपल्या मीटरचे आकडे सांगितले तर घरच्यांना दाखवता येतील.