बेसबॉलची गर्दी वाढते-घटते ती नेमकी कशाने?

डावखुरा

मेजर लीग बेसबॉलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या, प्रेक्षकसंख्येचे आकडे मांडून बसलोय, पण 'संघ जिंकला की गर्दी, हरला की ओस' या हिशेबात ते बसत नाहीत. २०२३ चंच घ्या. टाम्पा बे रेज ९९ सामने जिंकले, तरी मोसमभरात त्यांच्या मैदानावर प्रेक्षक जेमतेम १४.४ लाख. त्याच वर्षी कोलोरॅडो रॉकीज १०३ सामने हरले आणि त्यांच्याकडे २६ लाख!

सगळ्या लीगचं बघावं तर २००७ मध्ये ७.९५ कोटींचा विक्रम, २०१९ मध्ये ६.८५ कोटी, आणि २०२३ मध्ये पुन्हा ७ कोटींच्या वर. हे चढउतार कशाने होतात? आयपीएलचा संघ साखळीत घरच्या मैदानावर सात सामने खेळतो, त्यामुळे तिकडे तिकीट मिळवणं हीच मारामार. इथे घरचे ८१ सामने. तेव्हा क्रिकेटचे आडाखे इथे लावता येणार नाहीत, एवढं कळतंय.

आकडेमोड

आधी हा आकडा कशाचा आहे ते बघू, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. हल्ली जाहीर होणारी हजेरी म्हणजे विकली गेलेली तिकिटं. फाटकातून आत आलेली माणसं नव्हेत. सप्टेंबरमधल्या मंगळवारी, संघ स्पर्धेतून बाद झालेला असताना, जाहीर आकडा वीस हजारांचा असतो आणि टीव्हीवर खुर्च्या रिकाम्या दिसतात, त्याचं कारण हे. सीझन तिकीटवाला घरी बसला तरी त्याची खुर्ची मोजलीच जाते.

शिवाय मेजर लीगच्या दोन गटांपैकी १९९२ पर्यंत नॅशनल लीग आत आलेली माणसं मोजायची आणि अमेरिकन लीग विकलेली तिकिटं. १९९३ पासून दोन्हीकडे तिकिटंच मोजतात. त्यामुळे १९९३ मध्ये लीगचा आकडा एकदम ७ कोटींवर गेला, त्यातली काही वाढ निव्वळ मोजणीची. उरलेल्यात मोठा वाटा दोन नव्या संघांचा. त्यातल्या रॉकीजने माइल हाय या फुटबॉलच्या अवाढव्य स्टेडियममध्ये पहिल्याच मोसमात ४४.८ लाख तिकिटं विकली. तो विक्रम आजही अबाधित आहे.

आता २००७ नंतरची घसरण. तिचा मोठा तुकडा न्यूयॉर्कमध्ये सापडतो. २००८ मध्ये यांकीजकडे ४३ लाख आणि मेट्सकडे ४० लाखांवर प्रेक्षक होते. २००९ मध्ये दोघेही नव्या मैदानांत गेले. यांकीजचं मैदान साधारण ५७ हजारांवरून ५० हजारांवर आलं, मेट्सचं ५७ हजारांवरून ४२ हजारांवर. त्या वर्षी यांकीज ३७ लाखांवर आले, मेट्स ३२ लाखांच्या आत. यांकीजनी तर त्याच मोसमात वर्ल्ड सीरिज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली! मंदी होती, मेट्सचा खेळही ढासळला होता, हे खरंच. पण मुळात खुर्च्याच कमी झाल्या होत्या. पुढे मिनेसोटा आणि अटलांटाही लहान मैदानांत गेले. 'बेसबॉलची लोकप्रियता आटली' असं म्हणण्याआधी ही वजाबाकी करायलाच हवी.

दुसरा बेस

जिंकण्याचा परिणाम होतो, आणि चांगला घसघशीत होतो, पण तो एक वर्ष उशिरा दिसतो. तुम्ही त्याच मोसमाचे विजय आणि त्याच मोसमाची गर्दी शेजारी मांडलीत, म्हणून हिशेब जुळेना.

कॅन्सस सिटी रॉयल्स २०१४ मध्ये वर्ल्ड सीरिजला पोचले, त्या वर्षी १९.६ लाख. पुढच्या वर्षी २७ लाख. ह्यूस्टन ॲस्ट्रोज २०१७ मध्ये जिंकले तेव्हा २४ लाख, २०१८ मध्ये २९.८ लाख. शिकागो व्हाइट सॉक्स २००५ मध्ये जिंकले तेव्हा २३.४ लाख, २००६ मध्ये २९.६ लाख.

कारण सीझन तिकिटं. पूर्ण ८१ सामन्यांची, अर्ध्या मोसमाची किंवा वीसेक सामन्यांची पॅकेजं ऑक्टोबर ते मार्च या काळात विकली जातात. कार्यालयं आणि कंपन्याही तेव्हाच घेतात. गेल्या ऑक्टोबरात संघ कुठवर पोचला आणि हिवाळ्यात कोणता खेळाडू आणला, यावर हा गठ्ठा ठरतो. एप्रिलमध्ये पहिला चेंडू पडतो तेव्हा मोसमाच्या गर्दीचा पाया घातला गेलेला असतो. जुलैमध्ये संघ अचानक चमकला तर सुटी तिकिटं वाढतात, पण गेलेले एप्रिल-मे परत मिळत नाहीत.

हाच उशीर उतरतानाही असतो. संघ ढासळला तरी पहिलं वर्ष गर्दी टिकते आणि मालकाला वाटतं सगळं ठीक चाललंय. मग सीझन तिकिटांच्या नूतनीकरणाची पत्रं जातात आणि उत्तरं येत नाहीत.

क्लीव्हलँडकर

वरच्या दोन्ही मुद्द्यांसाठी क्लीव्हलँडइतकं स्वच्छ उदाहरण नाही.

जुनं म्युनिसिपल स्टेडियम ७४ हजारांचं, सरोवराच्या काठी, एप्रिलमध्ये हाडं गोठवणारं. १९८५ मध्ये अख्ख्या मोसमात साडेसहा लाख प्रेक्षक. एवढ्या खुर्च्या असल्यावर आगाऊ तिकीट घेणार कोण? त्या दिवशी हवा बघायची आणि वाटलं तर जायचं. १९९४ मध्ये जेकब्स फील्ड उघडलं, साधारण ४३ हजारांचं. संघही त्याच सुमारास बहरला. 'आत्ता घेतलं नाही तर मिळणार नाही' ही भावना पहिल्यांदा तयार झाली आणि लोक हिवाळ्यातच तिकिटं घेऊन ठेवू लागले. १२ जून १९९५ ते ४ एप्रिल २००१ सलग ४५५ सामने हाउसफुल! १९९९ मध्ये ३४.७ लाख प्रेक्षक.

तिसरी गोष्ट बरेचजण विसरतात: शहराचा फुटबॉल संघ ब्राउन्स १९९५ च्या मोसमानंतर बाल्टिमोरला गेला आणि नवा ब्राउन्स १९९९ मध्ये आला. मधली तीन वर्षं शहराचा खेळावरचा बराचसा पैसा बेसबॉलकडे वळता झाला होता.

मग संघाची एकेक वीट निखळली. फलंदाज मॅनी रामिरेझ २००० नंतर बॉस्टनला गेला, जिम टोमी २००२ नंतर फिलाडेल्फियाला. २००३ मध्ये आकडा १७.३ लाख. २००७ मध्ये संघाने ९६ सामने जिंकले, तरी २२.७ लाखांपर्यंतच मजल गेली. मैदान तेच, विजयही भरपूर, पण 'तिकीट मिळणार नाही' ही भीती संपली होती. ती एकदा गेली की परत आणणं महाकठीण. माझ्या मते नव्या मैदानाची खरी कमाई ही टंचाई असते, आणि नावीन्य उतरायच्या आत संघ उभा राहिला नाही तर ती वाया जाते.

मायामीत हेच उलट घडलं. २०१२ मध्ये नवं छतवालं मैदान, २२ लाख प्रेक्षक. नोव्हेंबरमध्ये मालकांनी महागडे खेळाडू टोरांटोला देऊन टाकले. दुसऱ्याच वर्षी १६ लाखांच्या आत! इतक्या नव्या मैदानाला इतकी झटपट उतरती कळा लागणं हा प्रेक्षकांचा सरळ निषेध होता, आणि तो रास्त होता.

आकडेमोड

आता रेज आणि रॉकीज. फरक मुख्यतः जागेचा.

रेजचं ट्रॉपिकाना फील्ड सेंट पीटर्सबर्गमध्ये, खाडीच्या अलीकडे. महानगरातली बरीचशी वस्ती आणि कार्यालयं पलीकडे टाम्पाच्या बाजूला. सामना पावणेसातच्या सुमाराला, म्हणजे कामावरून सुटलेल्यांच्या गर्दीतच पूल ओलांडायचा. रविवारी जमेल, मंगळवारी पोरंबाळं घेऊन कोण जाईल? आणि ८१ सामन्यांत आडवारचे सामनेच जास्त. भरीला फ्लोरिडात उत्तरेकडून येऊन स्थायिक झालेले खूप, त्यांचा जीव यांकीज नाहीतर रेड सॉक्समध्ये. ते संघ आले की मैदान भरतं, एरवी नाही.

कूर्स फील्ड डेन्व्हरच्या ऐन मध्यवस्तीत आहे. काम संपवून चालत जाता येतं, उन्हाळी संध्याकाळ कोरडी आणि गार. २०१४ मध्ये वरच्या मजल्यावरच्या उजव्या बाजूच्या खुर्च्या काढून तिथे उभं राहून गप्पा मारायची मोठी गच्ची केली, तिचं तिकीट स्वस्त. बाहेरच्या संघांचे पाठीराखेही डेन्व्हरची सहल म्हणून येतात. तिथे विकली जाते ती संध्याकाळ. संघाच्या दृष्टीने यात एक वाईट बाब आहे: हरूनही मैदान भरत असेल तर मालकाला सुधारण्याची घाई राहत नाही.

डावखुरा

एक वर्षाच्या उशिराने आकडे पुन्हा मांडले, बरेच जुळले. आता दोन शंका. १९९४ च्या खेळाडूंच्या संपाचा फटका किती मोठा होता? आणि २०२३ ची वाढ पिच क्लॉकमुळेच (चेंडू टाकायला घालून दिलेली सेकंदांची मर्यादा) म्हणायची का?

दुसरा बेस

संप १२ ऑगस्ट १९९४ ला सुरू झाला, वर्ल्ड सीरिज रद्द झाली, आणि २ एप्रिल १९९५ ला तो मिटला. सामन्यामागे सरासरी १९९४ मध्ये ३१,२०० च्या वर होती, ती १९९५ मध्ये २५ हजारांवर आली. एका फटक्यात वीस टक्के! कॅल रिप्केनचा सलग २,१३१ वा सामना, १९९८ ची मॅग्वायर आणि सोसाची होमरनची चुरस, ढीगभर नवी मैदानं, एवढं होऊनही १९९४ ची सरासरी ओलांडायला २००६ उजाडलं. सर्वांत वाईट गत माँट्रियलची. संप झाला तेव्हा एक्स्पोज ७४ विजय आणि ४० पराभव अशा सर्वोत्तम स्थितीत होते. संप मिटताच मुख्य खेळाडू सोडून दिले गेले, प्रेक्षक तुटले, आणि २००४ नंतर संघ वॉशिंग्टनला गेला. पराभव लोक सहन करतात. फसवलं गेल्याची भावना सहन करत नाहीत.

पिच क्लॉकला श्रेय आहेच. बेसवर कोणी नसताना १५ सेकंद, धावक असताना २० (२०२४ पासून १८). सामना २०२२ मधल्या ३ तास ४ मिनिटांवरून २ तास ४० मिनिटांवर आला. शाळकरी मुलांच्या पालकांना आडवारी शेवटपर्यंत थांबता येऊ लागलं. पण ६.४५ कोटींवरून ७.०७ कोटींची सगळी उडी त्याच्या खात्यात टाकू नका. २०२२ चा पायाच खचलेला होता: डिसेंबर २०२१ ते १० मार्च २०२२ मालकांनी लॉकआउट (खेळाडूंसाठी टाळेबंदी) केला होता, म्हणजे नेमके सीझन तिकिटांच्या विक्रीचेच महिने. करोनाचा धसकाही पुरता गेला नव्हता.

आकडेमोड

तक्ता करतच आहात तर एवढं सांभाळा. एकूण हजेरीऐवजी सामन्यामागची सरासरी घ्या. १९९४ आणि १९९५ चे मोसम अपुरे, २०२० मध्ये साखळीत प्रेक्षकच नव्हते, २०२१ च्या सुरुवातीला मर्यादा होत्या. मैदानाची क्षमता वेगळ्या रकान्यात लिहा. २०२५ चे अ‍ॅथलेटिक्स आणि रेज लहान मैदानांत खेळले, त्यांचा आकडा मागणी दाखवत नाही. अ‍ॅथलेटिक्स सॅक्रामेंटोच्या सुमारे १४ हजारांच्या मैदानात होते, आणि रेजच्या छताची २०२४ च्या चक्रीवादळात चाळण झाली होती.

पावसाने बुडालेला सामना दुसऱ्या दिवशी एकाच तिकिटावर जोडून खेळवला तर सामने दोन, पण हजेरी एकदाच धरतात. सकाळ-संध्याकाळ वेगळी तिकिटं असली तर दोनदा. म्हणून भागताना सामन्यांच्या संख्येने भागू नका, किती वेळा फाटक उघडलं त्या संख्येने भागा.